ॲन्सेल्मच्या ट्रकचं दुखणं

सेबेस्टियनने साठी उलटेपर्यंत एकही वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त केली नव्हती, आणि ही चांगली सवय त्याने शेवटपर्यंत पाळायला हवी होती. विमा कंपनीतली नोकरी म्हणजे लोकांच्या वस्तू मोडल्या की त्यांच्याकडे संशयाने बघायची नोकरी, ती त्याने इमानेइतबारे केली. घरात पंखा बंद पडला की वायरमन, नळ गळला की प्लंबर, आणि दोघंही आले नाहीत की प्रार्थना, असा शिरस्ता होता. पण निवृत्त माणसाच्या हाताला काम नसलं की तो हात नको तिथे जातो. सेबेस्टियनचा हात गेला तो बाबांच्या ट्रकच्या बॉनेटखाली.

हा ट्रक वसईजवळच्या निर्मळ गावातल्या त्यांच्या वाडीत, चिकूखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असे. त्याच्या बाबांनी, म्हणजे ॲन्सेल्मने, तो कधीकाळी लष्कराच्या लिलावातून उचलला होता. पुढे लांब नाक असलेला आणि डिझेलवर नव्हे, चक्क पेट्रोलवर चालणारा. ॲन्सेल्मने उभी हयात त्यातून वाडीवाडीची केळी, फुलं, भाजी पहाटे दादरला पोचवली आणि ऊन चढायच्या आत रिकामा ट्रक घेऊन तो घरी परतला. पुढे धंदा थांबला, पण रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं ते ट्रकनेच. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून दर रविवारी मिस्सा आटोपून आला की सेबेस्टियन ट्रक चालू करी, वडाच्या वळणापर्यंत नेई आणि परत आणी. इंजिन जाम होऊ नये, एवढाच हेतू.

तर या ट्रकला एक खोड होती. जरा जोर लावला की इंजिन ठोकायचं. टक-टक-टटक, टक-टक-टटक. कोणीतरी आतून दार वाजवतंय आणि बाहेरचे लक्ष देत नाहीत, असा तो आवाज वळणावरून घरापर्यंत येई.

आता सेबेस्टियनची आई लुईझा. माहेर अर्नाळ्याचं, कोळ्यांच्यात वाढलेली, निर्मळला नांदून जन्म गेला तरी अजून 'पानी'च म्हणणारी. नवरा गेल्यापासून तिने घराचा ओटा सोडला नव्हता. फादर घरी येऊन तिला कम्युनियन देत. डोळे अधू झाले होते, डोक्यातली वर्षंही एकमेकांत मिसळू लागली होती. दिवसचे दिवस ती ओट्यावरच्या खुर्चीत बसून राही, उठ म्हटलं तरी उठत नसे. अपवाद फक्त रविवारचा. ट्रक ठोकत ठोकत वळणावरून येऊ लागला की म्हातारी खुर्चीचे हात धरून उठे आणि भिंतीचा आधार घेत तरातरा आत जाई.

सेबेस्टियनने हे तीन वर्षं पाहिलं आणि विमा कंपनीत शिकलेल्या पद्धतीने त्यातून निष्कर्ष काढला. आईला हा आवाज सोसत नाही. बिचारी कान मिटायला आत पळते. बाबांच्या आठवणीने तिला त्रास होतो आणि हा ट्रक दर रविवारी त्या जखमेवर हातोडी मारतो. जानेवारीत चर्चचा सण होता. आईला ट्रकमध्ये बसवून एकदा तरी सणाला न्यायचं, असं त्याच्या मनात केव्हापासून होतं. ठोकणं थांबलं तर ती बसेल, याची त्याला खात्री पटली. माणसाला सगळ्यात जास्त खात्री नेमकी चुकीच्या गोष्टीची असते, हे पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरात छापायला हवं.

"आये, गाडीचा आवाज काढून टाकतो. मग सणाला जाऊ दोघं," तो तिला म्हणाला.

"सनाला? जाऊ की," म्हातारी म्हणाली. "तुझे बाबा नेतील."

सेबेस्टियनची बायको मेरी शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "चांगली चालतेय ती गाडी. तुला मिक्सर दिला होता बघायला, त्याचं काय झालं?" मिक्सरचं जे झालं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सेबेस्टियन उठून शेडकडे गेला.

पहिलं काम त्याने केलं ते साफसफाईचं. रोग्याला डॉक्टरकडे न्यायच्या आधी आंघोळ घालावी, हा त्याचा विचार. डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन त्याने इंजिनावरचा सगळा मळ खरवडून काढला. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या त्या डब्याच्या मानेवर नेलपॉलिशसारखा लाल ठिपका होता. कोणी सांडलं असेल म्हणून त्याने तोही जोर लावून घासला. मग सगळ्या इंजिनाला चंदेरी रंग फासला. ट्रक पुन्हा चालू केला. आता चंदेरी इंजिन ठोकू लागलं.

रंगाच्या वासाने पहिला आला तो नेल्सन. हा सेबेस्टियनचा चुलतभाऊ, जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम करून आलेला. घराएवढ्या डिझेल इंजिनांखेरीज त्याने कशाला हात लावला नव्हता, पण तो स्वतःला सर्वज्ञ समजे. "सेबा, टायमिंगचा लोचा आहे," त्याने कान टेकवून सांगितलं. "डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरव."

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या नव्या बिल्डिंगमधून जितेंद्र आला. हा साताऱ्याकडचा, अंधेरीत कॉम्प्युटरवर नोकरी करणारा, आणि कुठल्याही विषयावरचे व्हिडिओ बघून झोपणारा. तो म्हणाला, "अंकल, पुढे अजिबात नको. ठिणगी आधीच लवकर पडतेय. पाहुणा दारात पोचायच्या आत आपण जोरात दार उघडलं आणि ते त्याच्या नाकावर बसलं तर कसं होईल? तसं पिस्टनचं होतंय. मागे फिरवा."

"व्हिडिओ बघून बोटी चालत नाहीत," नेल्सन म्हणाला.

"ही बोट नाहीये काका," जितेंद्र म्हणाला.

सेबेस्टियन सभ्य माणूस. त्याने सकाळी नेल्सनच्या सांगण्यावरून डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवला, तेव्हा ट्रक असा ठोकू लागला की शेडचे पत्रे थरथरले. संध्याकाळी त्याने जितेंद्रचा मान राखून तो मागे फिरवला. ठोकणं थांबलं, पण ट्रकचा जीवही गेला. घरातल्या घरात फिरणाऱ्या आजाऱ्यासारखा तो शेडच्या दारापर्यंत आला आणि तापून उभा राहिला. पहिल्या जागी परत आणावं म्हटलं, तर पहिली जागा कुठली हे कोणालाच सांगता येईना.

आठवडाभर हेच चाललं. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून एक सल्ला टाकून जाई. कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये हल्ली काय काय मिसळतात. कोणी प्लग बदलायला सांगितले, तर कोणी ट्रकला नजर लागली असं निदान केलं. सायकलवरून केळीचा घड नेणारा माणूस तर घडासकट उतरून तासभर थांबला. म्हातारी ओट्यावरून या गर्दीकडे कान लावून बसलेली असे.

शेवटी जितेंद्रने शास्त्र सांगितलं. ठोकणं खरं कळतं ते ओझं घालून चढावर. ओझं ठीक, पण वसईत चढ आणायचा कुठून? आमच्या या मुलखात समुद्रापासून रेल्वेपर्यंत सगळं ताटासारखं सपाट. चढ म्हणावा असा एकच, रेल्वेवरून पूर्वेला जाणारा पूल. तिथेच परीक्षा घ्यायचं ठरलं.

आधी कागद नीट हवेत म्हणून सेबेस्टियन ट्रकचं प्रदूषणाचं सर्टिफिकेट काढायला गेला. तिथल्या माणसाने ट्रक असं टाइप केलं की संगणक आपलं आपण डिझेल लिही. पेट्रोल लिहिलं की संगणक ट्रक खोडी. अर्धा तास दोघं त्याच्याशी झगडले. मग तो माणूस थकून म्हणाला, "काका, कार म्हणून काढू का? कोण बघतंय!" सेबेस्टियनचीही त्या उन्हात सत्त्वपरीक्षा झाली होती. तो हो म्हणाला.

पुलावर जायच्या दिवशी ओझं म्हणून रेतीची पोती मिळाली नाहीत. मग नेल्सन, जितेंद्र आणि जितेंद्रच्या सोसायटीची अख्खी कमिटी मागे उभी राहिली. चेअरमन वजनदार होते, त्यांना मधोमध ठेवलं. ट्रक पुलाला लागला, मधल्या उंचवट्यापर्यंत दम धरत गेला, तिथे त्याचा श्वास कोंडला, आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की मागच्या पाच-पन्नास गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले. कमिटी एकमेकांच्या गळ्यात पडली.

वाहतुकीचा हवालदार आला. "मालगाडीत माणसं भरलीत?"

"माणसं नाहीत ती," सेबेस्टियन घाबरून म्हणाला. "ओझं आहे."

चेअरमननी हे ऐकलं. त्यानंतर त्यांनी सेबेस्टियनशी बोलणं टाकलं ते आजतागायत. हवालदाराने कागद मागितले. सर्टिफिकेट वाचून त्याने एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "कार?" तो म्हणाला.  जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या खोट्या कागदांवर लाल शेरे मारले, तो सेबेस्टियन भर पुलावर मान खाली घालून उभा राहिला. अखेर दंड भरून, ओझ्याने खाली उतरून आणि मागून ढकलून ट्रक घरी आणला. मेरीने सगळ्यांना सरबत दिलं आणि ती हसू दाबायला आत गेली.

इथे थांबायला हरकत नव्हती. ट्रक ठोकत होता तसा ठोकू दिला असता तर काही बिघडत नव्हतं. पण आता प्रश्न आईचा राहिला नव्हता, अब्रूचा झाला होता, आणि अब्रूच्या नादी लागलेला माणूस कोणाचं ऐकत नाही. सेबेस्टियनने ट्रक सातिवलीला रेमंडच्या गॅरेजमध्ये नेला.

रेमंड तरुण होता, हुशार होता आणि हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्याला ठाऊक नव्हतं. त्याने इंजिन उतरवलं. हेड खोलून आतला कार्बन खरवडला. सिलिंडर आतून कातून घेतले, नवे पिस्टन टाकले, नव्या रिंगा टाकल्या. डिस्ट्रिब्युटरही झिजला म्हणून दुसरा बसवला. टायमिंग त्याने दिव्याच्या यंत्राने तपासून पुस्तकात आहे तिथे नेमकं आणलं. डिसेंबरभर हे चाललं. त्या रविवारांना शेड रिकामी होती, आणि म्हातारी एकाही रविवारी खुर्चीतून उठली नाही. सेबेस्टियनला ते दिसलं. किती शांत बसते हल्ली, असं तो मेरीला म्हणाला.

नाताळ झाल्यावर ट्रक परत आला. "अंकल, बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवा, हलणार नाही," रेमंड म्हणाला, आणि खरंच हलला नाही. एवढ्या वयाच्या इंजिनाचा असा मऊ आवाज सेबेस्टियनने ऐकला नव्हता. सणाच्या आधीचा रविवार होता. तो वडाच्या वळणापर्यंत गेला, वळला आणि गालातल्या गालात हसत घरासमोर येऊन थांबला.

म्हातारी ओट्यावर बसून होती. ती उठली नाही. आपण जिंकलो असं सेबेस्टियनला वाटलं, आणि तो उडी मारून ओट्यावर आला.

"आये, ऐकलंस?"

"काय?"

"गाडी आणली. दारात उभी आहे."

"कोनाची?"

"आपली. बाबांची."

म्हातारीने मान तिरपी करून कान दिला. मग नाही म्हणून मान हलवली. "तुझ्या बाबांची गाडी मला कळते रे. वळनावर आली का वाजते. मग मी जाऊन चहा ठेवते. दादरवरून उपाशी येतो तो."

सेबेस्टियनने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दर रविवारी ट्रक शेडमध्ये लावून तो आत आला की टेबलावर वाफाळता चहा असे. तीन वर्षं तो बायकोने केलेला चहा समजून प्याला होता. एकदा त्यात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरलाही होता.

तो स्वयंपाकघरात गेला. मेरी गॅसपाशी नुसतीच उभी होती.

"चहा आई करायची?" त्याने विचारलं.

"तुला ठाऊक नव्हतं?" मेरी म्हणाली. "मी फक्त गॅसवर लक्ष ठेवायचे, पदर पेटू नये म्हणून. मला वाटलं, तू तिच्यासाठीच गाडी काढतोस दर रविवारी. पण ती ठोकण्यावरून ओळखते, हे मलाही आज कळलं."

यानंतरच्या आठवड्यात वसई तालुक्यात जे घडलं ते कुठल्याही गॅरेजच्या इतिहासात घडलं नसेल. सेबेस्टियन ट्रक घेऊन पुन्हा सातिवलीला गेला आणि म्हणाला, "रेमंड, इंजिन ठोकायला पाहिजे."

"ठोकतंय?"

"ठोकत नाही. ठोकायला पाहिजे."

रेमंडने हातातला पाना खाली ठेवला. "अंकल, लोक माझ्याकडे आवाज काढायला येतात. तुम्ही घालायला आलात? बाहेर कळलं तर माझ्या दारात कोण उभं राहील?" पण सेबेस्टियनचं तोंड बघून त्याने डिस्ट्रिब्युटर सैल केला आणि पुढे फिरवला.

ट्रक ठोकू लागला, पण तो आवाज निराळा होता. नेल्सन आला, जितेंद्र आला. पूर्वी ज्यावरून भांडले तेच दोघं आता खांद्याला खांदा लावून बॉनेटखाली वाकले. थोडा पुढे, थोडा मागे, प्लग जुने घाल, पेट्रोलमध्ये रॉकेल टाक. कधी शिवणयंत्रासारखा आवाज निघे, कधी कोणी खलबत्त्यात वेलची कुटल्यासारखा. प्रत्येक वेळी सेबेस्टियन वळणावरून येई आणि ओट्याकडे बघे. म्हातारी प्रत्येक आवाज मन लावून ऐके आणि म्हणे, "ही नाय."

"त्या ठोकण्यात नुसतं टायमिंग नव्हतं अंकल," रेमंड शेवटी म्हणाला. "आतला इतक्या वर्षांचा कार्बन होता, झिजलेल्या रिंगा होत्या. ते सगळं भंगारात गेलं. गिऱ्हाइकाला विचारून टाकलं होतं मी."

खरंच विचारलं होतं. सेबेस्टियननेच टाक म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात नेल्सनला आठवलं. "जुन्या डिस्ट्रिब्युटरवर एक लाल खूण होती ना रे? लहानपणी मी एकदा तिला हात लावला, तर काकाने कानफटात मारली होती. म्हणाला, गाडी इथेच राहिली पाहिजे, इकडे नाही, तिकडे नाही." गॅरेजच्या कोपऱ्यातल्या भंगारातून त्यांनी जुना डिस्ट्रिब्युटर शोधून काढला. सेबेस्टियनने थिनरच्या बोळ्याने त्याच्या मानेवरचा चंदेरी रंग अलगद पुसला. खाली स्वच्छ, घासलेलं लोखंड होतं. काम उत्तम झालं होतं, ब्रश त्याने जोरात चालवला होता.

सणाचा दिवस उजाडला. म्हातारी पहाटेच उठली आणि तिने मेरीकडून ठेवणीतलं लाल लुगडं मागून घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने केसांत फुलं माळायला सांगितली. आज सण आहे हे तिच्या पक्कं लक्षात होतं. सेबेस्टियनने ट्रकला केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या. टायमिंग त्याने रेमंडला पुन्हा पुस्तकात आहे तिथे आणायला लावलं होतं, कारण खोटं ठोकणं आईला ऐकवायचं नाही एवढं त्याने ठरवलं होतं. नेल्सन आणि जितेंद्र मागे चढून बसले. ट्रक ओट्याला लागून उभा राहिला.

"आये, चल. चर्चला जायचं."

"चल की. गाडी आली?"

"ही काय. हात लाव." त्याने तिचा हात धरून बॉनेटवर ठेवला. म्हातारीने थोडा वेळ पत्रा चाचपला, झेंडूची माळ चाचपली, आणि हात काढून घेतला.

"गाडी चांगली हाय," ती म्हणाली. "पन परक्याच्या गाडीतून मी कशी जाऊ? तुझे बाबा येतील ना न्यायला. येऊन बघतील तर घर रिकामं."

चर्चची घंटा झाली. नेल्सन मागून खाली उतरला आणि उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिला. बाबा येणार नाहीत, हे सांगायला सेबेस्टियनने तोंड उघडलं आणि मिटलं. गेली तीन वर्षं दर रविवारी बाबा येत होते, वळणावरून वाजत येत होते, आणि त्यांना येण्यापासून त्याने स्वतःच्या हाताने थांबवलं होतं. याचा कुठल्याही कंपनीत विमा निघत नाही.

तो आत गेला. जन्मात पहिल्यांदा त्याने चहा ठेवला. साखर जास्त टाकली. दोन कप भरून तो ओट्यावर आला आणि एक आईच्या हातात दिला.

"आताच कशाला केलास?" म्हातारी म्हणाली. "गाडी कुठं आली अजून!" तिने चाचपडत कपावर बशी पालथी घातली आणि तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवला.

"थंड होईल आये."

"व्हऊ दे. येतोच तो."

सेबेस्टियन तिच्या पायाशी पायरीवर बसला. मेरी येऊन बसली. तिघंही वडाच्या वळणाकडे कान लावून होते. ट्रकचं इंजिन बंद करायचं राहून गेलं होतं. ते त्यांच्यापासून तीन हात अंतरावर चालूच होतं, आणि हे बराच वेळ कोणाच्याच लक्षात आलं नाही.